मराठी निवेदनासह स्क्रीन रेकॉर्डिंग : अध्यापनातील उपयोजन आणि खानदेशातील महाविद्यालये

बीजसंज्ञा : स्क्रीन रेकॉर्डिंग, संहिता, मराठी निवेदन, ध्वनिमुद्रण, मुक्त परवाना, खानदेश.

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर घडणाऱ्या कृतींचे, त्या कृती समजावून सांगणाऱ्या आवाजासह केलेले मुद्रण म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग होय. या मुद्रणात शिक्षकाचा चेहरा बहुधा नसतो, फळा नसतो, वर्गही नसतो. दिसतो तो केवळ पडदा, त्यावर फिरणारा कर्सर आणि उघडत-मिटत जाणाऱ्या खिडक्या. एखादे सॉफ्टवेअर कसे वापरावे, संकेतस्थळावरील अर्ज कसा भरावा, आलेख कसा काढावा, नकाशावर थर कसे चढवावेत, अशा करून शिकावयाच्या विषयांसाठी हे माध्यम विशेष उपयुक्त ठरते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील प्राध्यापकांना, राज्यातील अन्य प्राध्यापकांप्रमाणेच, एका रात्रीत चित्रफितींचे निर्माते व्हावे लागले. त्या काळात तयार झालेले साहित्य विपुल आहे. मात्र त्यातील बहुतांश साहित्य म्हणजे ४८ मिनिटांच्या तासिकेचे जसेच्या तसे केलेले मुद्रण होते. पडद्यावर पॉवरपॉइंटची पाने आणि मागे त्याच पानांचे वाचन, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. त्यास स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणता येईल, परंतु या माध्यमाचे बळ त्यात उतरले होते असे म्हणणे कठीण आहे. व्याख्यान ऐकण्यासाठी असते. स्क्रीन रेकॉर्डिंग थांबविण्यासाठी असते. विद्यार्थी एक कृती पाहतो, चित्रफीत थांबवितो, स्वतःच्या संगणकावर तीच कृती करतो आणि पुढे जातो. हे थांबणे ज्या चित्रफितीने गृहीत धरलेले नाही, ती कितीही सुबक असली तरी कौशल्य शिकविण्यास अपुरी पडते.

खानदेशाच्या संदर्भात या माध्यमाला आणखी एक परिमाण आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री यांसारखे तालुके येतात. तेथील विद्यार्थ्याच्या घरची बोली अहिराणी, लेवा, पावरी किंवा भिली असते. शाळेची भाषा बहुधा मराठी असते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकाचा पडदा इंग्रजी असतो. एक साधे कोष्टक तयार करण्यापूर्वी या विद्यार्थ्याला भाषेच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पाठ्यपुस्तक यापैकी एकाच भाषेत छापले जाते. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये मात्र डोळ्यांपुढे इंग्रजी पडदा आणि कानावर मराठी निवेदन, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी उपस्थित राहू शकतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या सोयीचा लाभ उपकरणांच्या किमतीवर अवलंबून नसून संहिता, त्या संहितेची अननुभवी विद्यार्थ्यावर घेतलेली चाचणी आणि निवेदनाची भाषा या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

माध्यमाची पार्श्वभूमी

या माध्यमाचा इतिहास फार जुना नाही. पडदा मुद्रित करणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकातच उपलब्ध होती. कॅमटेशिया हे या क्षेत्रातील प्रसिद्ध सॉफ्टवेअर २००२ मध्ये आले. ‘स्क्रीनकास्ट’ हा इंग्रजी शब्द २००४ मध्ये अमेरिकन लेखक जॉन उडेल यांनी आपल्या वाचकांकडून नावे मागविली असता पुढे आला. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि चित्रफीत सर्वदूर पोहोचविण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला. २००६ मध्ये यूट्यूबने सामान्य वापरकर्त्यांसाठी १० मिनिटांची मर्यादा घातली व २०१० मध्ये ती १५ मिनिटांपर्यंत वाढविली. ही मर्यादा शैक्षणिक विचारातून आलेली नव्हती, तरीही अनेक शिक्षकांना थोडक्यात बोलण्याची सवय तिने लावली, हा तिचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

आज साधनांची चणचण राहिलेली नाही. २०१२ मध्ये आलेले ओबीएस हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. विंडोज १० मध्ये गेम बारच्या साह्याने मुद्रण करता येते, तर अँड्रॉइडमध्ये ही सोय २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. म्हणून साधनांच्या तुलनेत या लेखात अधिक जागा खर्च केलेली नाही.

‘स्पोकन ट्युटोरियल’ : एक अनुकरणीय पद्धती

महाराष्ट्रात या माध्यमाचा सर्वांत शिस्तबद्ध वापर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केला आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला हा प्रकल्प, तत्कालीन मानव संसाधन विकास मंत्रालयाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या आर्थिक साह्याने विकसित झाला. लिब्रेऑफिस, सायलॅब, लॅटेक, लिनक्स, पायथन, जावा, गिंप अशा मुक्त सॉफ्टवेअरवरील साधारण १० मिनिटांच्या चित्रफिती या प्रकल्पाने तयार केल्या आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन करून घेतले.

या प्रकल्पाची चर्चा बहुधा त्याच्या आकाराच्या अंगाने होते. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या दृष्टीने त्याची कार्यपद्धती अधिक बोधप्रद आहे. तेथे प्रथम संहिता लिहिली जाते आणि मुद्रण सर्वांत शेवटी होते. संहितेचे दोन स्तंभ असतात. डावीकडे पडद्यावर काय दिसेल याची नोंद आणि उजवीकडे त्याच क्षणी काय बोलले जाईल ते वाक्य. त्यानंतर ही संहिता, ते सॉफ्टवेअर अजिबात न येणाऱ्या व्यक्तीच्या हाती दिली जाते. ती व्यक्ती केवळ संहिता वाचून प्रत्येक कृती करून पाहते. जेथे ती अडते, तेथे दोष वाचकाचा नसून संहितेचा मानला जातो आणि संहिता बदलली जाते.

ही चाचणी कोणत्याही महाविद्यालयात विनाखर्च करता येण्यासारखी आहे. पदव्युत्तर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यावर ती करून मात्र उपयोग नाही. कला शाखेच्या प्रथम वर्षातील, घरी संगणक नसलेला विद्यार्थी हा तिच्यासाठी योग्य परीक्षक होय. जाणत्या माणसाला आपल्या ज्ञानातील पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. फाइल जतन करताना ती कोणत्या फोल्डरमध्ये जाते हे त्याने शेवटचे केव्हा सांगितले असेल हे त्यालाच आठवणार नाही. नवख्या विद्यार्थ्याची फाइल मात्र नेमकी तेथेच हरवते.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना जळगाव जिल्ह्यातील १५ तालुक्यांच्या पर्जन्यमानाची सरासरी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये काढावयास शिकवायचे आहे, असे समजू. पूर्वतयारीशिवाय मुद्रणास बसलेले प्राध्यापक साधारणतः असे बोलतात : ‘आता आपण इथं आलो, हे सगळं असं सिलेक्ट केलं, मग इथं हे टाकलं, की बघा, ही आपली सरासरी आली.’ वर्गात हे वाक्य पूर्ण अर्थवाही असते, कारण ‘इथं’, ‘हे’ आणि ‘असं’ या शब्दांबरोबर शिक्षकाचे बोट असते. चित्रफितीत बोट नसते. बारीक कर्सर असतो आणि तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसेलच याची खात्री नसते. संहितेतील वाक्य असे हवे : ‘तालुक्यांची नावे ए स्तंभात आणि पर्जन्यमान बी स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून सोळाव्या ओळीपर्यंत आहे. बी १७ या चौकटीत क्लिक करा. बरोबरचे चिन्ह टाइप करा. त्याला लागून एव्हरेज हा इंग्रजी शब्द आणि कंस टाइप करा. कंसात बी २, विसर्गचिन्ह, बी १६ असे लिहा. कंस पूर्ण करा व एंटर दाबा.’ या वाक्यांत शैलीचे सौंदर्य नाही. परंतु डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही ही कृती करता येईल, आणि निवेदनाची कसोटी तीच असावयास हवी.

या चित्रफिती पाहण्याची रीतही प्रकल्पाने निश्चित केली आहे. पडद्याच्या एका भागात चित्रफीत व दुसऱ्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी उघडावयाचे आणि पाहिलेली प्रत्येक कृती तत्काळ करावयाची. महाविद्यालयांतील कार्यशाळांत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक संगणक आणि कानाला हेडफोन एवढीच व्यवस्था लागते. विषयतज्ज्ञ हजर नसला तरी चालतो, संयोजक पुरेसा ठरतो. ग्रामीण महाविद्यालयात पायथन किंवा लॅटेक शिकविणारा प्राध्यापक मिळणे अवघड असते. तेथे प्रयोगशाळा असूनही ती रिकामी राहण्याचे कारण यंत्रांचा नव्हे, तर शिकविणाऱ्याचा अभाव हे असते. या अभावावरचा एक व्यवहार्य उपाय म्हणून या रीतीकडे पाहता येते.

निवेदनाची मराठी

स्पोकन ट्युटोरियलच्या भाषांतरित चित्रफितींत चित्र तेच राहते, केवळ आवाज बदलतो. चित्र आणि आवाज वेगळे ठेवण्याची ही कल्पना दिसते त्यापेक्षा दूरगामी आहे. मात्र तिच्यासोबत मराठीचे काही नेमके प्रश्न उभे राहतात आणि त्यांचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला दिसत नाही.

पहिला प्रश्न वाक्यरचनेचा आहे. ‘क्लिक ऑन द फाइल मेनू’ या इंग्रजी वाक्यात क्रिया आधी येते आणि स्थान नंतर. ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ या मराठी वाक्यात स्थान आधी येते आणि क्रिया शेवटी. इंग्रजी निवेदनाच्या गतीने कर्सर हलत असेल तर मराठी श्रोत्याच्या कानावर ‘करा’ पडेपर्यंत मेनू उघडून गेलेला असतो. परंतु चित्र मराठी निवेदन मनात धरून मुद्रित केले, तर हाच क्रम सोयीचा ठरतो. ‘फाइल मेनूवर’ हे शब्द ऐकताच डोळा त्या जागी पोहोचतो आणि ‘क्लिक करा’ ऐकताना हात हलतो. आधी पाहणे व मग करणे हा स्वाभाविक क्रम मराठी वाक्यात आयताच मिळतो. यासाठी मुद्रण करताना एकच पथ्य पाळावे लागते : स्थानाचे नाव उच्चारताच कर्सर तेथे नेऊन स्थिर ठेवावा आणि क्रियापद पूर्ण झाल्यावरच बटण दाबावे.

दुसरा प्रश्न लांबीचा. इंग्रजीतील दोन शब्दांची सूचना मराठीत ‘ओके या बटणावर क्लिक करा’ अशी होते. तयार चित्रावर मराठी आवाज बसविताना अशी वाढ प्रत्येक ओळीत साचत जाते आणि पाचव्या मिनिटाला निवेदन चित्राच्या मागे पडते. अशा वेळी निवेदक वेगाने बोलू लागतो. ते टाळावे. मराठी शैक्षणिक बोलण्यातील ‘आता आपण या ठिकाणी’, ‘अशा पद्धतीने’, ‘जे आहे ते’ ही भरताड काढून टाकली तरी बहुतेक वेळ भरून निघतो. त्यानेही न भागल्यास चित्राची एखादी चौकट एक-दोन सेकंद गोठवून ठेवता येते. चित्र स्वतःचे असेल तर हे सहज शक्य असते. दुसऱ्याचे असल्यास परवाना पाहावा लागतो, त्याचा विचार पुढे केला आहे.

क्रियापदाच्या रूपाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ‘मी क्लिक करते’ या वाक्यात कर्ता निवेदक आहे आणि विद्यार्थी प्रेक्षक. ‘क्लिक करू या’ यात दोघेही आहेत. ‘क्लिक करा’ यात कर्ता विद्यार्थी आहे. ‘क्लिक करावे’ ही शासकीय परिपत्रकाची भाषा झाली. कृती शिकविणाऱ्या चित्रफितीत मुख्य सूचनांसाठी ‘करा’ हे रूप आणि उद्देश सांगताना ‘पाहू या’ हे रूप, अशी विभागणी ठेवल्यास कधी पाहायचे आणि कधी चित्रफीत थांबवून करायचे हे विद्यार्थ्याला क्रियापदावरूनच कळते. एकाच चित्रफितीत चारही रूपे मिसळल्यास ही खूण नाहीशी होते.

परिभाषेच्या बाबतीत अनेक प्राध्यापकांचा, विशेषतः भाषाविषयांच्या प्राध्यापकांचा, आग्रह शुद्ध मराठीचा असतो. तो समजण्यासारखा आहे. परंतु पडद्यावर ‘सेव्ह अ‍ॅज’ अशी इंग्रजी अक्षरे असताना निवेदक ‘या नावाने जतन करा यावर क्लिक करा’ असे म्हणाला, तर विद्यार्थी ते शब्द पडद्यावर शोधत राहतो आणि ते त्याला सापडत नाहीत. जे पडद्यावर लिहिले आहे ते तसेच उच्चारावे आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा : ‘सेव्ह अ‍ॅजवर क्लिक करा. याने तीच फाइल दुसऱ्या नावाने जतन होते.’ लिब्रेऑफिसची मराठी दर्शनी भाषा निवडता येते हे खरे आहे, आणि तसे संगणक असलेल्या प्रयोगशाळेत मराठी नावेच उच्चारणे योग्य ठरेल. नियम भाषेचा नसून पडदा आणि कान यांच्या मेळाचा आहे.

उच्चारांविषयीचा संकोच हा या भागातील एक खराखुरा अडसर आहे. स्वतःच्या बोलण्यातील खानदेशी हेल मुद्रणात ऐकू येतो म्हणून आवाज देण्यास नकार देणारे विद्वान अध्यापक आढळतात. जे नाव आज विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मौखिक होती, स्वतःच्या बोलीत होती, आणि त्या बोलीसह ती १९५२ मध्ये ग्रंथरूपात आली. सूचना स्पष्ट ऐकू येणे, शब्दांचे शेवट न गिळणे आणि ‘बी’ व ‘डी’ यांसारख्या जवळच्या उच्चारांत फरक राखणे, एवढी अपेक्षा निवेदनाकडून करणे पुरेसे आहे. किंबहुना ओळखीच्या हेलातील सूचना विद्यार्थ्याला परकी वाटत नाही.

येथूनच अहिराणीचा विचार सुरू होतो. संपूर्ण पाठ अहिराणीत असावा असा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण परीक्षेची व लेखनाची भाषा मराठी आहे. परंतु शेतकरी, बचत गटातील महिला किंवा प्रथमच संकेतस्थळ उघडणारे पालक यांच्यासाठी केलेल्या चित्रफितीत, उदाहरणार्थ महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज समजावून सांगताना, धुळे तालुक्यात अहिराणी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी निवेदन अधिक परिणामकारक ठरावे. शिष्यवृत्तीचा अर्ज एका चुकीच्या रकान्यामुळे परत येतो आणि मुदत टळल्यास विद्यार्थ्याचे वर्ष अडचणीत येते. अशा ठिकाणी पालकाला सूचना समजणे याला पैशातील मूल्य आहे.

लांबी, अक्षरे आणि आवाज

चित्रफितीच्या लांबीविषयी २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम व रॉब रुबिन यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. एडएक्स या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख दर्शन-सत्रांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि विद्यार्थ्यांचा सहभाग सुमारे ६ मिनिटांनंतर टिकत नाही असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण मात्र क्वचितच सांगितले जाते. व्याख्यान व कृतिपाठ या दोन प्रकारच्या चित्रफिती विद्यार्थी वेगवेगळ्या रीतीने पाहतात. कृतिपाठ तो पुन्हापुन्हा, हवा तेवढाच भाग शोधून पाहतो. म्हणून कृतिपाठाच्या बाबतीत ‘६ मिनिटे की १०’ या वादापेक्षा हवा असलेला टप्पा विद्यार्थ्याला पटकन सापडतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका चित्रफितीत एकच कौशल्य, शीर्षकात त्या कौशल्याचे नाव आणि वर्णनात प्रत्येक टप्प्याची मिनिट-सेकंदांची नोंद, एवढ्याने तो सुटतो.

हे शीर्षक व वर्णन युनिकोडमध्ये टंकलिखित केलेले असणे अत्यावश्यक आहे. खानदेशातील अनेक कार्यालयांत आणि महाविद्यालयांत अद्याप जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन करण्याची सवय आहे. त्या फॉन्टमधील मजकूर यूट्यूबवर डकविला असता तो निरर्थक इंग्रजी अक्षरांत उमटतो आणि शोधयंत्राला सापडत नाही. विद्यार्थी मराठी शब्द रोमन लिपीतही शोधतात, हे ध्यानात घेऊन वर्णनात ती रूपेही द्यावीत.

रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनावर केलेल्या संशोधनातून एक उपयुक्त सूत्र हाती येते. चित्र आणि उच्चारित स्पष्टीकरण यांची जोड परिणामकारक असते, परंतु तेच स्पष्टीकरण पडद्यावर अक्षरांतही दिल्यास लक्ष विभागते. पॉवरपॉइंटची पाने वाचून दाखविणाऱ्या चित्रफिती कंटाळवाण्या का होतात, याचे उत्तर यात आहे. परक्या भाषेतील संज्ञा मात्र याला अपवाद मानाव्यात. नवा इंग्रजी शब्द कानावर पडताना तो डोळ्यांनाही दिसणे विद्यार्थ्याला साह्यकारक असते.

विद्यार्थ्याचा पडदा कोणता, हा प्रश्न मुद्रणापूर्वी विचारावयास हवा. प्रयोगशाळेतील साधारण २१ इंची पडद्याची रुंदी सुमारे ४८ सेंटीमीटर असते. आडव्या धरलेल्या भ्रमणध्वनीची दृश्य रुंदी साधारण १४ सेंटीमीटर भरते. म्हणजे मेनूवरील प्रत्येक अक्षर एक-तृतीयांशाहूनही लहान होते. मोठ्या पडद्यावर नेहमीच्या मांडणीत केलेले मुद्रण भ्रमणध्वनीवर वाचताच येत नाही ते यामुळे. उपाय सोपा आहे. मुद्रणापूर्वी संगणकाच्या मांडणीतून अक्षरांचा आकार दीडपट किंवा दुप्पट करावा, कर्सर मोठा करावा, काम चालू असलेली एकच खिडकी पडदाभर उघडावी आणि पार्श्वभूमीवरील छायाचित्र काढून टाकावे. तरीही भ्रमणध्वनीवर पाहणे आणि संगणकावर करणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो. भ्रमणध्वनीच्याच पडद्यावर शेजारी-शेजारी करण्याची कल्पना कागदावर ठीक आहे.

आवाजाविषयी थोडे. चित्रातील दोष प्रेक्षक सहन करतो, आवाजातील करीत नाही. मे महिन्यात जळगावला पंखा बंद करून बसणे ही शिक्षाच आहे, तथापि पंख्याचा आवाज मुद्रणात सर्वाधिक अडथळा आणतो. पहाटे किंवा रात्री, खिडक्यांवर जाड पडदे असलेल्या किंवा पुस्तकांनी भरलेल्या खोलीत, साध्या कॉलर माइकवर केलेले मुद्रण समाधानकारक होते. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा गुंजारव बऱ्याच अंशी कमी करता येतो. चित्र आधी व आवाज नंतर, असे वेगवेगळे मुद्रण केल्यास अडखळलेले एक वाक्य पुन्हा बोलण्यासाठी संपूर्ण पाठ पुन्हा करावा लागत नाही.

प्रसार, परवाना आणि खासगी माहिती

१० मिनिटांची चित्रफीत सेकंदाला २५०० किलोबिट या दराने मुद्रित केल्यास तिचा आकार सुमारे १८७ एमबी होतो. तीच ३०० किलोबिट दराने साठविल्यास सुमारे २२ एमबी होतो. चित्रपटाला हा कमी दर चालणार नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये मात्र पडदा बहुतांश वेळ स्थिर असतो, त्यामुळे अक्षरांची स्पष्टता फारशी न गमावता आकार इतका कमी करणे शक्य होते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले असले, तरी पाड्यावरील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे चित्रफीत उतरणे आणि न उतरणे यांतील अंतर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफीत म्हणून पाठविल्यास ती दाबली जाऊन अक्षरे पुसट होतात. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. ही साधी बाब अनेक वर्गगटांत माहीत नसते. याशिवाय प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर आणि ग्रंथालयात एक प्रत ठेवावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या विनियमांत ई-आशय निर्मितीला गुणांकनात स्थान दिले. त्यामुळे निर्मितीला चालना मिळाली. परंतु गुणांकन निर्मितीला मिळते, वापराला नाही. ज्या चित्रफितीला परवाना नाही, जिची संहिता कोठे ठेवलेली नाही आणि जी प्राध्यापकाच्या बदलीनंतर त्याच्या खासगी खात्यात राहून गेली, ती नोंदीपुरती उरते. स्पोकन ट्युटोरियलच्या चित्रफिती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, श्रेय द्या व त्याच अटींवर वाटा, या परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळ निर्मात्याचे नाव देऊन कोणालाही त्यांत बदल करता येतात, मात्र बदललेली चित्रफीतही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. महाविद्यालयाने आपल्या चित्रफितींवर परवाना शब्दांत लिहिणे आवश्यक आहे. काहीच न लिहिल्यास सर्व हक्क राखीव असेच कायदा मानतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला काही सवलती आहेत. परंतु वर्गात दाखविलेले पाठ्यपुस्तकाचे पान यूट्यूबवर जगासाठी टाकणे हे त्या सवलतीत बसते असे गृहीत धरू नये.

अर्ज भरण्याच्या चित्रफितींत एक गंभीर चूक वारंवार दिसते. खऱ्याच विद्यार्थ्याचा अर्ज उघडून दाखविला जातो आणि त्याचा आधार क्रमांक, बँक खाते, जात प्रमाणपत्राचा तपशील कायमचा सार्वजनिक होतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. कायद्याचा धाक नसता तरीही हे अयोग्यच ठरले असते. संकेतस्थळ काल्पनिक क्रमांक स्वीकारीत नसेल तर संबंधित रकाने झाकून मुद्रण करावे. मुद्रणाच्या वेळी संगणकावरील संदेश-सूचना बंद ठेवाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

संकेतस्थळे आणि सॉफ्टवेअर बदलत राहतात. महाडीबीटीसारख्या संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुनी चित्रफीत केवळ निरुपयोगी न राहता दिशाभूल करणारी ठरते. म्हणून पहिल्याच पडद्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा शैक्षणिक वर्ष लिहावे आणि कालबाह्य चित्रफीत वेळीच काढून टाकावी. येथे संहितेचा दुसरा उपयोग कळून येतो. संहिता जपलेली असेल तर बदललेल्या तेवढ्याच ओळी पुन्हा लिहून, तेवढेच चित्र व तेवढाच आवाज नव्याने बसविता येतो.

याकरिता प्रत्येक पाठाचे चार घटक स्वतंत्रपणे साठवावेत : युनिकोडमधील संहिता, आवाजाविना चित्र, चित्राविना आवाज आणि पूर्ण झालेली चित्रफीत. पहिले दोन घटक हाती असल्यास पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीचे बंधारे नकाशावर दाखविण्याचा धुळ्यात तयार झालेला पाठ शिरपूर किंवा शहादा येथील महाविद्यालयाला, एकही क्लिक नव्याने मुद्रित न करता, पावरीत किंवा अहिराणीत बोलता करता येतो. त्यासाठी संहितेच्या दोन स्तंभांशेजारी तिसरा स्तंभ जोडावा आणि त्यात प्रत्येक वाक्य कोणत्या मिनिट-सेकंदाला सुरू होते याची नोंद ठेवावी.